सातवा बांध

गावाचं नाव लिहीत नाही. पारनेरच्या पठारावरचं, पवनचक्क्यांच्या रांगेखालचं एक गाव, एवढं पुरे.

मी तिथे लांडगे मोजायला जात असे. विष्ठा गोळा करायची, मातीतले ठसे मोजायचे, पाणवठ्याजवळ आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधायचे. दोन वर्षांनंतर माझ्याकडे एक आकडा होता: चार गावांच्या माळावर मिळून सहा लांडगे. त्यांत पिल्लं घालणारी मादी एकच. ती घर कुठे करते ते मात्र मला सापडत नव्हतं.

बनुबाईंना ते ठाऊक होतं. बनुबाई धनगर, सत्तरीच्या पुढच्या. दीडशे मेंढ्या, दोन घोडी आणि गहिनीनाथ हा मुलगा. पूर्वी दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट सगळा फिरता तळ, कोकणात उतरायचा. कळप लहान झाल्यापासून ते पठारावरच फिरत. बाजरी निघालेल्या वावरात मेंढ्या बसवायच्या, भोवती जाळीची वाघर लावायची, चार दिवसांनी पुढच्या वावरात. शेतकऱ्याला खत, यांना धान्य.

माझ्या लक्षात आलं ते असं. मार्गशीर्ष सरत आला की हा वाडा मुरमाच्या टेकडीकडे फिरकत नसे. गवत तिथेच चांगलं, ओघळीत पाणीही टिकायचं. तरी शिमग्यापर्यंत ते टेकडीला लांबून वळसा घालून जात. मी माझ्या नकाशावर त्यांचे मुक्काम मांडले, तेव्हा मधोमध एक मोकळी जागा राहिली.

“आजी, तिकडं वाडा का नाही नेत?”

“ह्या दिवसांत न्हाई न्यायचा.”

“पण का?”

“का म्हंजे? बाळंतिनीच्या दारात दीडशे मेंढरं कोन हाकतं का?” बनुबाई माझ्याकडे बघून हसल्या. “एवढी शिकलीस आन एवढं कळंना व्हय तुला?”

त्या वर्षी त्यांनी मला काही दाखवलं नाही. तिसऱ्या वर्षी, पौषात, एका सकाळी म्हणाल्या, “चल. पर एक ऐक. जागा तोंडानं कुनाला बोलायची न्हाई. माझ्या सासूनं मला दावली, ती बी बोलली न्हाई. नुसती माझ्याम्होरं चालली. जागा बोलली की घर मोडतं.”

आणि त्या माझ्यापुढे चालू लागल्या.

टेकडीच्या ओघळीत खालपासून वरपर्यंत दगडी बांध आहेत. कुठल्याशा दुष्काळात रोजगार हमीवर घातलेले. त्यांतल्या एका बांधाच्या बगलेला, मुरमात, हातभर रुंदीचं एक बीळ होतं. बनुबाई पन्नास पावलांवर थांबल्या. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले नाहीत, फक्त मान थोडी खाली केली, आणि लगेच परत फिरल्या.

मी नंतर एकटी जाऊन एक कॅमेरा लावला. तेवढी परवानगी वनखात्याची होती.

त्यांच्या कळपातली मेंढी लांडग्यानं नेली की बनुबाई शिव्या देत नसत. “वाटा गेला,” म्हणत. गहिनीनाथ मात्र देई. भरपूर. पण टेकडीकडे तोही वाडा नेत नसे.

*

त्या हिवाळ्यात जिल्हाभर बिबट्याबद्दल बोलणं चाललं होतं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीतून त्याला काढावं, अशी मागणी होती. आमच्या पठारावर बिबट्या क्वचित. म्हणून इथे ती मागणी लांडग्यावर आली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरलं: लांडग्याला यादीतून वगळावं आणि त्याच्या बंदोबस्ताची परवानगी गावाला मिळावी. शेजारची तीन गावं याच गावाकडे बघून ठरवणार होती.

सरपंच भागवतराव सरळ माणूस. त्यांनी मला फोन केला. “म्याडम, तुमी बी या. तुमची बाजू मांडा. पंधरा मिन्टं देतो. नंतर कुनी म्हनाया नको, इचारलं न्हाई.”

मी तीन दिवस तयारी केली. गोठ्यातल्या शेळ्यांच्या जखमांवरून घेतलेले नमुने मी प्रयोगशाळेत तपासून आणले होते. एकोणीसपैकी चौदा कुत्र्यांचे होते. ते आकडे होतेच. पण आकड्यांनी सभा हलत नाही, हे मला एव्हाना माहीत होतं. चोवीस तारखेला मी बिळाजवळचा कॅमेरा काढून आणला. त्यात एक फोटो होता. सकाळचं ऊन, बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं. एक दुसऱ्याच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपलेलं. महिन्याभराची, अजून काळपट तपकिरी, कान नुकते उभे राहू लागलेले.

मी काळजी घेतली. फोटोतली जागेची नोंद पुसली. वरची कड कापली, कारण तिथे पवनचक्कीचा खांब दिसत होता. डावीकडचं बाभळीचं झाड कापलं. उरलं ते बीळ, पिल्लं आणि मागे थोडे दगड. दगड सगळ्या पठारावर असतात.

बनुबाईंना मी विचारलं नाही. फोटो दाखवणं म्हणजे जागा बोलणं नव्हे, असं मला वाटलं.

*

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. झेंडावंदन उरकून मुलं जिलेबी खात पांगली होती. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. पुरुष पुढे, बायका डाव्या भिंतीशी. बनुबाई दाराबाहेर, चपला हातात घेऊन उभ्या होत्या. धनगरांचा वाडा गावच्या यादीत नव्हता, त्यांचं मत मोजलं जाणार नव्हतं. तरी त्या आल्या होत्या.

आधी गोरक्ष बोलला. गोरक्ष कांदा पिकवतो. महिन्यापूर्वी त्याच्या गोठ्यातल्या तीन शेळ्या एकदम गेल्या होत्या, दोन गाभण होत्या. तो कागद न घेता उठला.

“म्याडम, तुमचा लांडगा पयल्या यादीत हाय. माझी शेळी कंच्या यादीत हाय, तेवढं सांगा.”

“तुझी शेळी रेशनच्या यादीत टाकू,” मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

“हसा. तुमच्या गोठ्यात घुसला की मंग हसा.” गोरक्षचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “सृष्टीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली शेळी हुती ती. पोरगी चार दिस जेवली न्हाई. मी तिला काय सांगू? पुन्याच्या म्याडम मोजत्यात, म्हनून गप बस?”

मी पुण्याची नाही, नगरची आहे. ते मी सांगितलं नाही.

माझी पाळी आली. नमुन्यांचे आकडे सांगितले. “गोरक्षभाऊंच्या शेळ्यांच्या जखमांतही कुत्र्यांचीच लाळ मिळाली.” गोरक्ष माझ्याकडे बघत राहिला. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. मग पडद्यावर दोनच ओळी दाखवल्या: चार गावांत मिळून लांडगे सहा. आणि खाली: घर एक.

“फकस्त सा?” भागवतराव म्हणाले. “आमाला तं वाटलं शंभर आसतील.”

मग फोटो.

बायकांच्या बाजूनं “आगं बाई” असा हलका आवाज आला. एक म्हातारी म्हणाली, “कुत्र्याच्या पिल्लावानीच की गं.” गोरक्षही बघत होता. मला त्या क्षणी आनंद झाला होता. तो आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून बायडाबाई उठल्या. साठीच्या, अंगानं लहान, आवाजानं मोठ्या.

“आगं, ह्यो बांध तर आमचा हाय!”

“बायडे, खाली बस,” शेजारची म्हणाली.

“का बसू? त्यो पांढरा दगड बघ की! गारगोटीचा! म्या बसावलाय त्यो. मुकादम म्हनला हुता, पांढरा नको, उठून दिसतो. म्या म्हनलं, दिसूं दे, कुनीतरी बघंल!” बायडाबाई पडद्यापाशी आल्या, फोटोवर बोट ठेवलं. त्यांच्या बोटाची सावली पिल्लांवर पडली. “दुष्काळात सा महिनं दगड व्हायले आमी. मुरमाच्या टेकाडावं, वरून सातवा बांध. आजपातूर एका पान्यानं हालला न्हाई. मानूस हालला, बांध न्हाई हालला!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. वीस वर्षांत त्या कामाबद्दल त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं, आणि आज तो बांध पडद्यावर आला होता, भिंतीएवढा.

मी बटण दाबलं. पुढचा फोटो आला, नुसत्या माळाचा. उशीर झाला होता.

मी दाराकडे पाहिलं. बनुबाईंनी चपला खाली टाकल्या, पायांत घातल्या आणि त्या गेल्या.

ठराव पुढच्या सभेपर्यंत पुढे ढकलला गेला. भागवतराव चहा देताना म्हणाले, “जिकल्या तुमी म्याडम.”

*

त्याच दुपारी मी वनरक्षकाला फोन केला. करण नावाचा तरुण, अकरा गावं एकट्याकडे. तो म्हणाला, “मॅडम, मी रोज एक चक्कर मारतो. त्याहून जास्त मला जमायचं नाही.” खोटं बोलला नाही.

मग मीच गेले. बिळापासून सहाशे मीटरवर, समोरच्या उतारावर करवंदीच्या जाळीआड बसले. सत्तावीस आणि अठ्ठावीस तारखेला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. दुर्बिणीतून पांढरा दगड स्पष्ट दिसायचा. तीन वर्षं मी ती टेकडी पाहत होते आणि तो मला कधीच दिसला नव्हता.

पहिल्या दिवशी मादी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेकडीच्या माथ्यावर दिसली. थांबली. माझ्या दिशेनं तोंड करून बराच वेळ उभी राहिली. वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता. ती आल्या वाटेनं परत गेली. संध्याकाळी पिल्लं बिळाबाहेर येऊन परत आत गेली. त्यांची पोटं खपाटीला गेली होती.

मला हिशोब करता येत होता. पिल्लांना दूध मिळालं नाही तर ती मरतील, आणि दूध मिळत नाही कारण मी तिथे आहे, रात्रीही माझा वास मागे उरतो. मी उठले नाही तर मी मारते. मी उठले तर कदाचित दुसरं कोणी. पहिलं निश्चित होतं, दुसरं शक्यता होती. मला शिकवलंय ते असंच तोलायला.

एकोणतीस तारखेला सकाळी मी गेले नाही. करणला सांगितलं, दुपारी एक चक्कर मार. तो बाराला गेला. लांबून सगळं ठीक दिसलं, असं त्यानं कळवलं.

चार वाजता मी गेले.

बीळ बंद होतं. दगड एकावर एक नीट बसवले होते, सांध्यात सांधा, फटीत कपच्या. पठारावरच्या माणसाला दगड वेडावाकडा रचताच येत नाही. सगळ्यांत वर तो पांढरा दगड होता, बांधातून काढून आणलेला. खाली राख होती. वाळल्या शेणाची, आणि मिरचीची. डोळ्यांना अजून झोंबत होती.

मी हातानं दगड काढू लागले. किती वेळ गेला माहीत नाही. मागून गहिनीनाथ आला, त्यानं पहार घातली. मग बनुबाई आल्या आणि खाली बसून माती ओढू लागल्या. ओंजळीनं, माझ्यासारखी घाई न करता.

चारही आत होती. बिळाच्या अगदी टोकाला, एकमेकांत शिरलेली. एकाची हनुवटी दुसऱ्याच्या पाठीवर होती.

मी पिशवीतून काटा काढला. लटकवायचा, स्प्रिंगचा. एक किलो दोनशे चाळीस. एक किलो एकशे नव्वद. आकडे वहीत लिहिले, शेपटीची लांबी मोजली, मागच्या पायाची मोजली. हात आपोआप करत होते. तिसऱ्याला उचललं तेव्हा बनुबाई म्हणाल्या, “तोलतीस व्हय?”

मी काटा खाली ठेवला.

“आजी, मी तोंडानं कुणाला नाही सांगितलं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “दावलंस.”

त्यांनी पिल्लांच्या अंगावरची राख पदरानं पुसली. चौथ्याचा कान दुमडला होता, तो सरळ केला.

*

पंचनामा झाला. अज्ञात इसम. गावात कोणीच काही पाहिलं नव्हतं. कॅमेरा असता तर दिसलं असतं, करण म्हणाला. कॅमेरा मीच काढून आणला होता.

गोरक्ष मला एसटीच्या थांब्यावर भेटला. मी बघून न बघितल्यासारखं केलं, तर तोच पुढे आला.

“म्या न्हाई केलं म्याडम.”

“मी काही म्हटलं नाही.”

“सगळं गाव म्हनतंय.” तो खाली बघत होता. “करनार हुतो. खोटं कशाला बोलू. सभेच्या आदी घावलं आसतं तर केलं आसतं. पर त्यो फोटो बघितला. मोबाईलवर काढून सृष्टीला दावला. ती म्हनली, पप्पा, हे झोपलंय. मंग न्हाई गेलो.”

माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्यानं काही फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई आल्या. मी भाड्यानं राहत होते त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. आत येईनात.

“माझ्या तोंडानं झालं का गं बाई हे?”

“नाही हो. माझ्या फोटोनं झालं.”

“न्हाई, न्हाई. तू दगूड दावलास. दगडाला कुठं नाव आस्तं. नाव म्या सांगितलं.” बोटांवरचे जुने घट्टे त्या दुसऱ्या हातानं चोळत राहिल्या. “आन त्यो बी मोडला मेल्यांनी. माझा दगूड काढला. सरळ तोंडाव ठिवला.”

मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी तो थंड होईपर्यंत हातात धरला आणि तसाच परत ठेवला.

मादी नऊ दिवस येत होती. मी आता लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला कॅमेरा लावला होता, कोणाला न सांगता. रोज पहाटे ती येई, बिळाच्या जागी उकरी, आत जाई, बाहेर येई, बसे. तिसऱ्या दिवसापासून तिच्या तोंडात काही ना काही असे. एकदा ससा. एकदा मेंढीचा पाय. तो बनुबाईंच्याच कळपातला होता. गहिनीनाथनं आदल्या रात्री एक मेंढी गेल्याचं सांगितलं होतं, आणि या वेळी शिवी दिली नव्हती. मादी आणलेलं बिळाच्या तोंडाशी ठेवी, थोडी मागे सरे, आणि वाट बघे. दहाव्या दिवसापासून आली नाही.

उरलेले लांडगे कुठे गेले ते मला सांगता येणार नाही. उन्हाळ्यात मी चारही गावांचा माळ पायांखाली घातला. ठसे मिळाले ते कुत्र्यांचे. मेच्या ग्रामसभेत लांडग्याचा ठराव पुन्हा आलाच नाही. भागवतराव म्हणाले, “तक्रारच न्हाई आता कुनाची. मंग ठराव कशाला?” त्यामुळे त्या गावापुरता लांडगा अजूनही पहिल्या अनुसूचीत आहे, सगळ्यांत कडक संरक्षणात. आषाढात गोरक्षच्या आणखी दोन शेळ्या गेल्या. त्यानं स्वतः कुत्री पाहिली, पाच होती.

मी अहवाल लिहिला. त्यात एक तक्ता आहे, त्यात चार वजनं आहेत. दोन लिहिलेली, दोन रिकामी. रिकाम्या चौकटींबद्दल वरिष्ठांनी विचारलं. मी लिहिलं, माहिती उपलब्ध नाही.

*

पुढच्या पौषात मी पुन्हा पठारावर गेले. काम म्हणून नव्हे, काम संपलं होतं. बनुबाईंना भेटायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. गावात विचारलं, वाडा कुठे आहे? एकानं हात वर करून दाखवला. मला वाटलं, तो टेकडीच्या पलीकडे म्हणतोय.

चढून गेले. घोडी आधी दिसली, ओघळीच्या काठावर चरत असलेली. मग कुत्र्यांनी आवाज दिला.

वाघर सहाव्या आणि आठव्या बांधाच्या मध्ये लावली होती. दीडशे मेंढ्या ओघळीभर पसरून बसल्या होत्या. दोन-चार कोकरं सातव्या बांधावर चढून उड्या मारत होती. पांढऱ्या दगडाची जागा रिकामीच होती.

बनुबाई चुलीपाशी होत्या. मला पाहून त्यांनी पोत्याची घडी पुढे सरकवली. मी बसले. त्यांनी चहाचं भांडं चुलीवर ठेवलं.

“आजी,” मी म्हटलं, “पौष आहे.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “गवत चांगलं हाय हितं.”